दारची मोटार आणि पेटीतले कागद



गावात नवी मोटार आली की ती घरी जाण्याआधी देवळापुढे जाते. आपल्या बार्शीत भगवंताच्या देवळापुढे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते आणि पेढे वाटले जातात. मोठ्या आनंदाचा दिवस असतो तो. त्या दिवशी एक गोष्ट मात्र कोणी उघडून पाहत नाही. ती म्हणजे मोटारीच्या कप्प्यात ठेवलेला कागदांचा लखोटा. आज त्या लखोट्याविषयी बोलावे असा विचार आहे. त्याच्याच जोडीला, अलीकडे लग्नकार्यांत दिसू लागलेल्या परदेशी नावांच्या पिशव्यांविषयीही थोडे बोलू.

आधीच एक सांगून टाकतो. महागड्या वस्तू घेऊ नका, असा उपदेश करायला मी आलेलो नाही. शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या दारात मोटार उभी राहिली की काही लोक लगेच ‘उधळपट्टी’ म्हणून नाक मुरडतात. हे नाक मुरडणे जुने आहे. 1875 च्या 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या काळीही पुष्कळ जाणती माणसे म्हणत, की कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. सरकारने चौकशी समिती नेमली. तिने हिशेब पाहून सांगितले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नाच्या आणि सणांच्या खर्चाला नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. दुखणे निराळेच होते. साऱ्याची ताठर वसुली होती, कापसाचे भाव कोसळले होते, आणि न वाचता अंगठा उठवलेली खते सावकाराच्या पेटीत होती.

त्यातून 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. ऋणकोला पावती मिळावी, हिशेब मिळावा, आणि खतावर काहीही लिहिलेले असले तरी मूळ व्यवहार काय होता हे न्यायालयाने पाहावे, असे त्यात ठरविले. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील. सावकाराच्या ओसरीच्या जागी गार हवेची शोरूम आली, अंगठ्याच्या जागी मोबाइलवरचा ओटीपी आला. न वाचता होकार देण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हिशेबाचा. समजा, मोटार रस्त्यावर येईपर्यंत 18 लाखांना पडते. तुम्ही 3 लाख रोख भरता आणि 15 लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी, 10 टक्के व्याजाने घेता. विक्रेता म्हणतो, “हप्ता फक्त पंचवीस हजार!” हा ‘फक्त’ शब्द फार महाग असतो. व्याज घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता 24,900 च्या आसपास बसतो आणि सात वर्षांत तुम्ही सुमारे 20 लाख 92 हजार भरता. म्हणजे व्याजच 5 लाख 92 हजार. पण तेच 10 टक्के ‘फ्लॅट’ असतील, म्हणजे सातही वर्षे मूळ 15 लाखांवरच आकारले जात असतील, तर व्याज साडेदहा लाख होते आणि हप्ता 30,357 रुपये. दर दोन्हीकडे ‘दहा टक्के’च लिहिलेला! म्हणून दर किती, एवढेच विचारून भागत नाही. तो कशावर आकारणार, हे विचारले पाहिजे.

यासाठी आज एक चांगली सोय आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला करारापूर्वी एक तक्ता द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे आकार धरून खरा वार्षिक दर किती पडतो, हप्ते किती, दंड किती, हे लिहिलेले असते. तो कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा, असेही नियमात आहे. तेव्हा संकोच न करता मराठीत मागा. तो तक्ता घरी आणा, दोन दिवस ठेवा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. मोटार दोन दिवसांनी पळून जात नाही.

आता याच उदाहरणात पुढे चला. तीन वर्षे हप्ते नीट गेले. मग पाऊस हुकला, किंवा सोयाबीनचा भाव पडला, आणि हप्ते थांबले. छत्तीस हप्ते भरूनही मुद्दल सुमारे 9 लाख 82 हजार शिल्लकच असते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. कंपनीने गाडी नेली आणि ती लिलावात 8 लाखांना गेली, तर काय होईल? आपल्याकडे समज असा, की ‘गाडी गेली, कर्ज फिटले’. तसे नाही हो. उरलेले सुमारे 1 लाख 82 हजार आणि त्यावरचे आकार तुमच्याच नावावर राहतात. दारची मोटारही गेली आणि देणेही राहिले, अशी गत होते. म्हणून हप्ते जड जाऊ लागले तर गाडी नेण्याची वाट पाहू नये. कंपनीला लेखी कळवून, तिच्या संमतीने आपणच गिऱ्हाईक शोधून विकावी. दोन पैसे अधिक मिळतात.

गाडी नेण्यालाही रीत आहे. करारात तशी अट असली तरी आधी नोटीस द्यावी, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी द्यावी, हे वित्त कंपन्यांवर बंधन आहे. गुंड पाठवून गाडी हिसकावणे बँकांना शोभत नाही आणि कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच बजावले आहे. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा आदेश आहे. कोणी दमदाटी केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. पतसंस्थांची गोष्ट वेगळी. त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात, म्हणून त्यांची तक्रार निबंधकांकडे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी चार शब्द. गावात कोणी कर्ज काढायचे म्हटले की जामीन कोण? तर गुरुजी. पगार दरमहा ठरलेला, नोकरी कायम. मग शाळेच्या व्हरांड्यात कोणीतरी येते. “सर, नुसती सही पाहिजे. बाकी काही नाही.” ओळखीचा माणूस, कदाचित आपल्याच विद्यार्थ्याचा बाप. नाही म्हणणे जिवावर येते.

पण ही ‘नुसती सही’ म्हणजे काय, ते 1872 च्या करार कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. कर्जदाराची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. आधी कर्जदाराची मोटार विका, त्याचे रान विका, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला साधारणपणे म्हणता येत नाही. बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकातच सांगून ठेवले आहे. पतसंस्थेचे कर्ज असेल आणि पगारातून कपातीचे संमतिपत्र तुम्ही लिहून दिले असेल, तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे कपात थेट पगारातून होते. पगारपत्रक हाती येते तेव्हा रक्कम आधीच गेलेली असते. मोटारीत एक दिवसही न बसता तिचे हप्ते भरणारे गुरुजी आपल्या भागात विरळा नाहीत.

मग सही करायचीच नाही का? तसे मी म्हणत नाही. गावाचा संसार एकमेकांच्या भरवशावरच चालतो. पण सही करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा माणूस उद्या थांबला, तर हे सगळे पैसे मी भरू शकेन काय? आणि सही केलीच, तर कराराची प्रत मागून घ्या. तुमच्या संमतीवाचून बँकेने आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरते तुम्ही मोकळे होऊ शकता. तुम्ही पैसे भरलेत, तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हांला मिळतो आणि बँकेचे तारणावरचे अधिकारही तुमच्याकडे येतात. पण हे सिद्ध करायला कागद लागतो. तोंडी शब्दाला कोर्टात बसायला जागा मिळत नाही. कोरे चेक तर कोणालाही सही करून देऊ नका. चेक परत गेला, नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अशी तरतूद आहे.

आणखी एक पेच नेहमी आढळतो. मोटार विकली, पैसे घेतले, चावी दिली, पण आर.सी. बुकावर नाव जुन्याच मालकाचे राहिले. “करू पुढच्या महिन्यात,” म्हणता म्हणता वर्ष जाते. त्या मोटारीने कुठे अपघात केला तर भरपाईची नोटीस कोणाच्या घरी येईल? ज्याचे नाव नोंदीत आहे त्याच्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच सांगितले. गाडी चार हात फिरून गेली तरी कायद्याच्या दृष्टीने नोंदीतला माणूस हाच मालक. म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून घ्यावे. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म देऊन आर.सी. बुकावरचा बोजा उतरवून घ्यावा. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, मग मोटारीचाच कंटाळा का?

पैशाचा दुसरा पेच कराचा. महाग मोटारीकडे सरकार चैन म्हणूनच पाहते. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, लहान मोटारीवर 18 आणि मोठ्या मोटारीवर 40 टक्के. त्याशिवाय, 10 लाखांहून अधिक किमतीची मोटार घेताना विक्रेता एक टक्का आयकरापोटी घेतो. ही रीत 2016 पासूनची आहे. 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांहून महाग अशी घड्याळे, गॉगल, बूट आणि बायकांच्या हातपिशव्याही या यादीत आल्या. हा एक टक्का म्हणजे वेगळा कर नव्हे. तो तुमच्या नावावर जमा होतो. तुमचे उत्पन्न शेतीचे असेल आणि कर देणे लागत नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. कित्येक शेतकरी तो मागतच नाहीत.

मात्र त्याबरोबर तुमच्या पॅन क्रमांकावर खरेदीची नोंदही होते, आणि उद्या ‘पैसे कुठून आले?’ असे पत्र येऊ शकते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण ते शेतीचेच होते हे दाखवावे लागते. म्हणून बार्शीच्या बाजारात तूर, उडीद, सोयाबीन घातलेत की आडत्याची पट्टी जपून ठेवा. मिठाच्या पुड्या बांधायला ती देऊ नका! आणि एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्याला बंदी आहे. जुनी गाडी रोखीने विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण दंड घेणाऱ्याला होतो, आणि तोही तेवढ्याच रकमेचा.

आता जरा जपून बोलण्याचा विषय. तो म्हणजे लग्नातली मोटार. “आम्ही काही मागत नाही, तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या,” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. 2025 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात मुळशी भागातल्या एका तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि महाराष्ट्र हादरला. लग्नात महागडी मोटार, सोने आणि चांदी दिली होती, तरी पुढे पैशांची मागणी होऊन छळ झाला, अशी माहेरच्यांची तक्रार होती. निवाडा न्यायालय करील. पण विचार आपण करायचा आहे. देणारा बाप समजतो, की मोटार दिली म्हणजे मुलीचे सुख विकत घेतले. प्रत्यक्षात मोटार दिल्याने मागणी थांबतेच असे नाही. पुष्कळदा घेणाऱ्याला एवढेच कळते, की या घरातून आणखी निघू शकते.

1961 च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा घेणे हा जसा गुन्हा आहे, तसा देणे हाही आहे. न मागता, आपखुशीने मुलीला भेट द्यायची असेल तर तिला वाट आहे. 1985 च्या नियमांप्रमाणे भेटींची यादी करावी, किमती लिहाव्या, वधूवरांच्या सह्या घ्याव्या. वस्तू मुलीच्या नावावर असावी. कर्ज बापाच्या नावावर, नोंद बापाच्या नावावर आणि मोटार जावयाच्या दारात, असा व्यवहार तर कधीच करू नये. हप्ता बापाने भरायचा, अपघाताची नोटीस बापाने घ्यायची, आणि पोर मात्र परक्या घरी जीव मुठीत धरून! त्याच पैशात मुलीचे शिक्षण पुरे करता येते, तिच्या नावावर ठेव ठेवता येते. ती ठेव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि अडल्या दिवशी तिच्या उपयोगी पडते.

आता त्या पिशव्यांकडे वळू. फ्रान्समधील एर्मेस नावाच्या कंपनीने जेन बर्किन या नटीसाठी बनविलेली मूळची चामडी पिशवी 10 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये लिलावात गेली, सुमारे 86 लाख युरोंना! चामडे, शिलाई आणि कड्या यांची ही किंमत नव्हे. ती नावाची किंमत. आपल्याकडे अशाच नावांच्या नकली पिशव्या ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून पाचशे-हजाराला मिळतात. आपल्यापुरती एखादी घेणारीवर खटला होत नाही. पण दुकानात ठेवून विकणाऱ्यावर होतो. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या तालुक्यातले होतकरू दुकानदार मुंबईहून गठ्ठा आणतात, त्यांनी हे समजून घ्यावे. “सगळेच विकतात,” हा कोर्टात बचाव होत नाही.

आणि नकलेचा फटका आपल्यालाही बसतो, हे विसरू नका. सोलापुरी चादरीच्या नावावर भलतीकडची चादर विकली जाते तेव्हा आपण चिडतोच ना? कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते आठ जिल्ह्यांना आहे आणि त्यांत आपला सोलापूर जिल्हा आहे. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब तशी चप्पल मांडली, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ज्यांच्या नावे मानांकन नोंदलेले आहे त्यांनीच दाद मागावी, असे म्हणून न्यायालयाने जुलैत ती फेटाळली. पुढे डिसेंबरमध्ये त्या कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून चपला करून घेण्याचे ठरविले. पाहा, इथेही प्रश्न नावाचा, आणि उत्तर नोंदलेल्या कागदाचे. तो कागद होता म्हणूनच आपल्या चांभारवाड्यातल्या कारागिराच्या बाजूने बोलायला जागा मिळाली.

शेवटची सावधगिरी. भारी मोटार आणि भारी पिशवी पाहून माणसाची पत ठरवू नका. 2022 च्या जानेवारीत आपल्या बार्शीतच, शेअर बाजारातून भरमसाट परतावा देतो असे सांगून कोट्यवधी रुपये बुडविल्याच्या तक्रारी पोलिसांत दाखल झाल्या. त्यात गुंतलेले लोक काही अडाणी नव्हते. डोळ्यांपुढे थाट दिसला की कागद मागायची लाज वाटते, हे शिकलेल्यांचेही होते. जो कागद मागितल्यावर रागावतो, त्याच्याकडे पैसे ठेवू नयेत, एवढी खूणगाठ बांधा.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. आठवी-नववीच्या वर्गात व्याजाची गणिते शिकवता तेव्हा मघाचे 15 लाखांचे उदाहरण फळ्यावर मांडा. एकदा फ्लॅट दराने, एकदा घटत्या शिलकीवर. मग मुलांना सांगा, की घरी कोणते कर्ज चालू असेल तर त्याचा तक्ता आईवडिलांबरोबर बसून वाचा. काही घरी तो तक्ता सापडणारच नाही. तर मुलाकडून बँकेच्या नावे अर्ज लिहून घ्या : ‘आमच्या कर्जाचा हिशेब मराठीत मिळावा.’ खाली सही आईची किंवा बापाची. या एका अर्जाने सुरुवात होऊ द्या.